कॉर्नफ्लोअर: आधी गार पाणी, मग उकळी

किराणा दुकानात याला सर्रास ‘कॉर्नफ्लॉवर’ म्हणतात. फूलकोबीशी त्याचा संबंध मंचुरियनपुरताच, पण दुकानदाराला बरोबर कळतं. घोटाळा होतो तो पुढे, डब्यात नेमकं काय आहे हे न बघता वापरायला घेतलं की. म्हणून पाककृतीआधी पावडरीची ओळख.

पांढरं की पिवळं

मका गिरणीत दळून आणला तर मिळतं ते मक्याचं पीठ. रंगाने पिवळसर किंवा मळकट पांढरं, हाताला थोडं रवाळ, मक्याचा वास असलेलं. भाकरी त्याचीच होते. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं सत्त्व, नुसता स्टार्च. कारखान्यात मका दीड-दोन दिवस भिजवतात, भरडतात, मग त्यातला अंकुर, कोंडा आणि प्रथिनं वेगळी करतात. खाली उरतो तो पांढराशुभ्र स्टार्च धुऊन वाळवतात. गव्हाचा चीक काढून कुरडया घालणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. घरगुती गिरणीत मका कितीही बारीक दळला तरी कॉर्नफ्लोअर होत नाही, कारण दळल्याने कोंडा आणि प्रथिनं वेगळी होत नाहीत, फक्त बारीक होतात.

परदेशी व्हिडिओ बघून करणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा. अमेरिकन माणूस ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणतो तेव्हा त्याला मक्याचं बारीक पीठ अभिप्रेत असतं, आणि आपल्या कॉर्नफ्लोअरला तो ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतो. पाकिटाच्या मागे घटकांमध्ये ‘मेझ स्टार्च’ असं लिहिलेलं असेल तर बिनधास्त घ्या. कस्टर्ड पावडर म्हणजेही मुळात हेच, त्यात रंग आणि व्हॅनिलाचा वास घातलेला. आरारूट मात्र वेगळ्या वनस्पतीच्या कंदाचं सत्त्व. उपवासाला कॉर्नफ्लोअर चालत नाही, मका धान्यच आहे. साबुदाणा वड्याला बांधणी हवी असेल तर शिंगाड्याचं किंवा वरीचं पीठ घ्या.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात सुटं घेत असाल तर दोन खुणा बघा. चिमटीत दाबलं की कॉर्नफ्लोअर बर्फाच्या चुऱ्यासारखं करकरतं, मैदा नुसता मऊ दबतो. घरी आणल्यावर दोन चमचे पावडरीत चमचाभर पाणी घालून बोटांनी मळून बघा. मैदा असेल तर चिकट गोळा होऊन ताणला जातो. कॉर्नफ्लोअर असेल तर दाबताना दगडासारखं घट्ट लागतं आणि हात सैल सोडला की बोटांतून ओघळून जातं. मैद्याची भेसळ असेल तर हा खेळ नीट जमत नाही.

एकच नियम, पण तो मोडायचा नाही

स्टार्चचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाला बसतात. पाणी तापत साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पोचलं की हे कण पाणी पिऊन फुगायला लागतात, आणि उकळीच्या जवळपास पूर्ण फुगतात. तेव्हा रस दाट होतो आणि पांढुरका रंग जाऊन चकाकी येते. कॉर्नफ्लोअर थेट उकळत्या सूपमध्ये टाकलं तर प्रत्येक ढेकळाचं बाहेरचं आवरण क्षणात फुगून चिकट होतं आणि आतली पावडर कोरडीच राहते. गुठळी म्हणतात ती हीच. मग कितीही ढवळा, ती फुटत नाही.

म्हणून क्रम असा:

१. वाटीत कॉर्नफ्लोअर घ्या, त्याच्या दुप्पट गार पाणी घाला. एका मोठ्या चमच्याला दोन मोठे चमचे पाणी. पाणी कोमटसुद्धा नको.

२. बोटाने किंवा काट्याने ढवळून दुधासारखं करा. तळ खरवडून बघा, खाली थर चिकटलेला असतो.

३. सूप किंवा रस्सा मंद उकळत ठेवा. पेस्ट ओतायच्या ठीक आधी पुन्हा एकदा ढवळा. दोन मिनिटं वाटी बाजूला ठेवली तरी स्टार्च खाली बसतो. वरचं पांढरं पाणी ओतलं जातं आणि ‘अहो, दाट का होईना’ सुरू होतं.

४. एका हाताने बारीक धार, दुसऱ्या हाताने डाव फिरवत राहायचं. सगळी पेस्ट एकदम घालू नका, तीन हप्त्यांत घाला.

५. उकळी आली की एक-दोन मिनिटं मंद आचेवर शिजू द्या. याहून कमी शिजलं तर जिभेवर कच्चट, खडूसारखी चव राहते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. स्टार्चला तेवढं पुष्कळ झालं.

या लेखात मोठा चमचा म्हणजे १५ मिली, सपाट भरलेला. त्यात साधारण ८ ग्रॅम कॉर्नफ्लोअर बसतं. शिगोशीग भरलेला चमचा याच्या जवळपास दुप्पट होतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांचं सूप खळीसारखं होतं ते बहुतेक यामुळेच. वाट्यांवर विसंबू नका, प्रत्येक घरची वाटी वेगळी.

प्रमाण लक्षात ठेवायचं ते असं: एक लिटर सूपला दोन मोठे चमचे घातले तर हलकं दाट, तीन घातले तर हॉटेलच्या मंचाव सूपसारखं. पाव लिटर सॉसला एक चमचा, म्हणजे मंचुरियनची ग्रेव्ही भातावर पसरेल इतपत. अर्धा लिटर दुधाला दोन चमचे म्हणजे ओतता येईल असं कस्टर्ड, आणि पाच चमचे म्हणजे साच्यातून काढून कापता येईल असं पुडिंग. एखाद्या पाककृतीत दाटपणासाठी मैदा सांगितला असेल आणि तुम्हाला कॉर्नफ्लोअर वापरायचं असेल तर निम्मं घ्या, त्याची ताकद जवळपास दुप्पट आहे.

बिघडतं कुठे

दाट झालेला रस पुन्हा पातळ होणं ही सगळ्यात गोंधळात टाकणारी तक्रार. त्याला चार वेगवेगळी कारणं असतात, आणि ती ओळखली नाहीत तर माणूस आणखी चमचाभर कॉर्नफ्लोअर ढकलून मोकळा होतो.

पहिलं कारण आंबट. व्हिनेगर, लिंबू, टोमॅटो, चिंच यांच्यासोबत स्टार्च बराच वेळ उकळला तर त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि दाटपणा उतरतो. मंचुरियनमध्ये व्हिनेगर गॅस बंद करताना घालतात ते यासाठी. लिंबाचं पुडिंग करताना आधी स्टार्च शिजवून घ्या, रस खाली उतरवल्यावर मिसळा.

दुसरं कारण फार ढवळणं. फुगलेले कण नाजूक असतात. दाट झाल्यावरही रवीने किंवा ब्लेंडरने घुसळत राहिलात, किंवा अर्धा तास रटरट उकळत ठेवलंत, तर ते फुटतात.

तिसरं कारण चमचा. चव घेतलेला, लाळ लागलेला चमचा परत पातेल्यात घातला तर लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक विकर स्टार्च पचवायला सुरुवात करतं. उष्ट्याचा विटाळ इथे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. गार होत आलेल्या कस्टर्डमध्ये हे पटकन दिसतं: रात्री फ्रिजमध्ये घट्ट ठेवलेलं सकाळी पाणीदार. अंड्याच्या पिवळ्या बलकातही हेच विकर असतं, म्हणून अंडं घातलेलं कस्टर्ड नुसतं दाट होऊन चालत नाही, त्याला एकदा बुडबुडे येईपर्यंत उकळावं लागतं. स्टार्च असल्यामुळे अंडं लगेच फाटत नाही.

चौथं कारण फ्रीझर. कॉर्नफ्लोअर घातलेली ग्रेव्ही गोठवून वितळवली की स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि पाणी बाहेर ढकलतात. स्पंजासारखा चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. गोठवून ठेवायचंच असेल तर कॉर्नफ्लोअर न घालता गोठवा आणि गरम करताना घाला.

गुठळ्या झाल्याच तर गाळण्यातून गाळा. डावाने चेचत बसू नका. फार दाट झालं तर गरम पाणी थोडं थोडं घाला. पातळ वाटलं तर आधी पूर्ण उकळी आली होती का ते आठवा, कारण अर्ध्या वेळा कमी पडलेली असते ती आच. दुधाचा पदार्थ असेल तर जाड बुडाचं पातेलं घ्या आणि तळ सोडू नका, स्टार्च खाली बसून सगळ्यात आधी तिथेच करपतो.

कोल्हापुरी रश्श्यात नको

हे स्पष्टच सांगायला हवं. तांबड्या रश्श्याला अंग येतं ते कांदा-खोबऱ्याच्या वाटणाने, पांढऱ्याला नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांनी. अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, तर पातळच असायला हवी. यांत कॉर्नफ्लोअर घातलं की रस्सा दाट दिसतो पण कट वर येत नाही, तो रसातच अडकून राहतो आणि चवीवर पांघरूण पडतं. मिसळीच्या कटाचंही तेच. गार झाल्यावर वर थरथरणारी साय धरली तर समजा, कोणीतरी वाटणाचे पैसे वाचवलेत.

दह्याच्या ग्रेव्हीला मात्र त्याचा खरा उपयोग आहे. पाव लिटर दह्यात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर गार असतानाच घुसळून घेतलं तर तापल्यावर दही फाटत नाही, स्टार्च प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. कढीत बेसन हेच काम करतं आणि कढीला बेसनच शोभतं.

तळणीत

खासबागेजवळच्या खाऊगल्लीत असो की शाळेबाहेरच्या गाड्यावर, कुरकुरीत मंचुरियनचं गुपित म्हणून जे सांगतात ते मैदा आणि कॉर्नफ्लोअरच्या प्रमाणात आहे. मैद्यात ग्लुटेन असतं, ते वेष्टन धरून ठेवतं पण थोड्या वेळात चामट होतं. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नाही, ते वाळून काचेसारखं ठिसूळ होतं पण एकटं पकडत नाही. दोघं लागतात.

अर्धा किलो फ्लॉवरला ६० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण, मीठ, तिखट आणि साधारण १२० मिली गार पाणी. तुरे मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून काढा आणि कापडावर पूर्ण कोरडे करा. ओल्या तुऱ्यावरून पीठ घसरतं, आणि तेलात पाणी उडतं ते वेगळंच. तेल मध्यम कडक हवं, पिठाचा थेंब टाकला की दोन-तीन सेकंदांत वर यायला पाहिजे. एका वेळी कढईच्या निम्म्याहून जास्त भरू नका, तेल थंड होतं आणि वेष्टन तेल पितं. पहिल्यांदा फिकट तळून काढा, पाच मिनिटं निवू द्या, मग मोठ्या आचेवर मिनिटभर दुसऱ्यांदा तळा. निवताना आतली वाफ वेष्टनात येऊन ते मऊ पडतं, दुसरी तळणी तेवढं पाणी उडवून टाकते. कांदाभजीलाही १०० ग्रॅम बेसनात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर चालतं, पण भजीला तांदळाचं पीठ जास्त चांगलं, असं आमचं स्पष्ट मत.

पावसाळ्यात कणसं येतात तेव्हा क्रिस्पी कॉर्न करायचा उत्साह येतो. दोन कप दाणे तीन-चार मिनिटं उकडून, निथळून, पंच्यावर पसरून कोरडे करा. त्यावर तीन चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा तांदळाचं पीठ आणि मीठ भुरभुरवून हलवा. चाळणीत घेऊन जादा पीठ झाडा, नाहीतर ते तेलात जळून काळं होतं. आणि तळताना चेहरा कढईवर नेऊ नका. दाण्याच्या सालीत वाफ कोंडली की तो फुटून गरम तेलासकट बाहेर येतो. हातात जाळीचं झाकण धरूनच तळा. इथे घाई करणाऱ्यांचे हात भाजलेले असतात.

हलवा: जिथे कॉर्नफ्लोअर मुख्य पात्र आहे

दिवाळीच्या आसपास मिठाईच्या दुकानात दिसणारा चकचकीत, रबरासारखा लवचिक कराची हलवा म्हणजे स्टार्च, साखर आणि तूप, एवढंच. स्टार्च कसा शिजतो हे डोळ्यांनी बघायचं असेल तर याहून चांगला धडा नाही.

साहित्य: कॉर्नफ्लोअर ६० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर, तूप ६० ग्रॅम, लिंबाचा रस अर्धा छोटा चमचा, वेलची, काजूचे तुकडे, खायचा रंग हवा तर.

१. कॉर्नफ्लोअर ३५० मिली गार पाण्यात कालवून गाळून ठेवा. सहा इंची डब्याला तूप लावून तोही तयार ठेवा, शेवटी वेळ मिळत नाही.

२. जाड बुडाच्या कढईत साखर आणि उरलेलं १५० मिली पाणी. साखर विरघळून उकळी आली की लिंबाचा रस घाला. तार बघायची गरज नाही. लिंबामुळे थोडी साखर फुटते आणि हलवा पुढे दाणेदार होत नाही.

३. आच मंद करा. कॉर्नफ्लोअरचं पाणी ढवळून धारेने घाला, उलथणं थांबवू नका. चार-पाच मिनिटांत ते पांढऱ्या चिकासारखं होईल आणि गुठळ्या दिसतील. घाबरू नका, घोटत राहा. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे स्टार्चला फुगायला वेळ लागतो.

४. आता तूप एकेका चमच्याने. आधीचं जिरल्याशिवाय पुढचं नाही. पंधरा ते वीस मिनिटांत पांढरेपणा जाऊन गोळा काचेसारखा पारदर्शक होतो, कढई सोडतो आणि कडेने तूप सुटायला लागतं.

५. रंग, वेलची, काजू घालून दोन मिनिटं परता, डब्यात ओता, तुपाच्या हाताने थापा. दोन तास घरातच निवू द्या, मग वड्या कापा.

वडी पांढुरकी आणि दाताला चिकटणारी झाली तर घोटणं कमी पडलं. दगडासारखी झाली तर आच जास्त होती किंवा वेळ. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत स्टार्च लवकर कडक होतो. बाहेर बंद डब्यात आठवडाभर चांगली राहते.

स्वयंपाकघरातली किरकोळ कामं

घरच्या आइस्क्रीमला एक लिटर म्हशीच्या दुधाला दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून घाला आणि दूध उकळून घ्या. स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे बर्फाचे मोठे स्फटिक होत नाहीत. कोल्हापुरी कॉकटेल, म्हणजे फळं घातलेलं आइस्क्रीम, घरी करणाऱ्यांनी फळं शेवटी आणि कोरडी करून घालावीत.

केकसाठी मैदा हलका करायचा असेल तर एक कप मैद्यातून दोन मोठे चमचे काढा, तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला, तीनदा चाळा. साखर मिक्सरला लावून पिठीसाखर करताना कपाला एक चमचा घातलं तर ती ढेकळं धरत नाही. दोन अंड्यांच्या ऑम्लेटला एक छोटा चमचा, दुधात कालवून. ऑम्लेट उलटताना तुटत नाही. एक लिटर दुधाच्या छेन्याला एक छोटा चमचा मळून घेतलं तर रसगुल्ले पाकात सहसा फुटत नाहीत, त्याहून जास्त घातलं तर ते स्पंज न होता गोळे होतात.

आणि जो स्टार्च आपण घालतो, तोच दुसऱ्याने घातला तर ती भेसळ. खव्याचा किंवा पनीरचा लहान तुकडा थोड्या पाण्यात उकळा, पूर्ण गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. गरम असताना केलं तर रंग येत नाही आणि उगाच सुटकेचा निःश्वास टाकला जातो. तपासलेला तुकडा खायचा नाही.

कपड्यांची खळ

१८४२ साली अमेरिकेत थॉमस किंग्जफोर्डने मक्यातून स्टार्च वेगळा करण्याची रीत बसवली, तेव्हा तो आधी कपड्यांसाठीच विकला गेला. खाण्यात नंतर आला. आपल्या जिल्ह्यात इचलकरंजीला मागावर जाण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंग करतात, त्या खळीतही मक्याचा स्टार्च वापरतात. सुताचे तंतू चिकटून बसतात आणि मागावर धागा तुटत नाही. घरची खळ म्हणजे तेच, लहान प्रमाणात.

सुती साडीला साधारण दोन लिटर खळ लागते. दर लिटरला एक मोठा चमचा म्हणजे मऊ, अंगावर बसेल अशी. दोन चमचे म्हणजे कुर्ता-झब्ब्याला योग्य. चार चमचे म्हणजे फेट्याचा तुरा उभा राहील इतकी कडक. कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवा, निम्मं पाणी उकळून त्यात धारेने घाला, दोन-तीन मिनिटं शिजवून चकाकी आली की बाकीचं पाणी ओता आणि गाळा. गाळायचा कंटाळा केला तर प्रत्येक गुठळीचा इस्त्रीखाली पांढरा डाग उमटतो. पांढऱ्या कपड्याला याच पाण्यात निळीचे दोन थेंब. कपडा धुऊन, पिळून, ओला असतानाच बुडवा. कोरडा बुडवला तर खळ एकसारखी चढत नाही. गडद रंगाचा कपडा उलटा करून बुडवा आणि सावलीत वाळवा. थोडा दमट असतानाच इस्त्री करा. इरकलीच्या रेशमी पदराला खळ नको.

खळ केलेले कपडे महिनोन्महिने कपाटात ठेवू नयेत. कसरीला स्टार्च आवडतो, आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. जूनआधी धुऊन, बिनखळीचे ठेवा.

डाग, चपला, चिकटवणं

कोरडं कॉर्नफ्लोअर तेल शोषतं. कपड्यावर तूप किंवा कट सांडला तर आधी टिपून घ्या, चोळू नका. वर जाड थर भुरभुरवा, अर्धा तास थांबा, ब्रशने झाडा, पुन्हा एकदा घाला, मग साबण. तेल निघेल, हळदीचा आणि चटणीचा रंग याने निघत नाही.

कोल्हापुरी चपलेवर हेच काम फार चांगलं होतं, कारण तिथे पाणी-साबण चालतच नाही. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं कातडं वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं असतं, ते तेलही पटकन पितं आणि पाणीही. तेलाच्या डागावर रात्रभर कॉर्नफ्लोअर ठेवून सकाळी मऊ ब्रशने झाडा, दोन-तीन रात्री करा. चप्पल भिजलेली असेल तर आधी सावलीत पूर्ण वाळवा. ओल्या कातड्यावर स्टार्च टाकणं म्हणजे बुरशीला जेवायला बोलावणं.

आकाशकंदील आणि पतंगांसाठी खळ: तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर ५० मिली गार पाण्यात, त्यावर २०० मिली उकळतं पाणी ढवळत ओता, मंद आचेवर दोन मिनिटं शिजवा, चिमूटभर तुरटी घाला. गार झाल्यावर वापरा. कागदाला पातळ थरच द्या, जाड दिला की सुकताना कागद आखडतो. फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, आंबट वास आला की फेका. पोस्टर लावणारे खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, लहान मुलं जिथे हात घालणार तिथे नको.

रंगपंचमी आणि आग

घरच्या गुलालाला कॉर्नफ्लोअरचा पाया चांगला. अर्धा किलो पावडर, खायचा रंग पाण्यात विरघळवून तेवढ्यापुरता ओलावा, ताटात पसरून एक-दोन दिवस वाळवा, मिक्सरला लावा, चाळा. पिवळ्यासाठी चार भाग कॉर्नफ्लोअर, एक भाग हळद, वाळवायची गरज नाही.

पण हवेत उधळलेला स्टार्च पेटतो. कण बारीक असतात, प्रत्येकाभोवती हवा असते, ठिणगी मिळाली की सगळा ढग एकदम जळतो. २७ जून २०१५ रोजी तैवानमधल्या एका वॉटर पार्कमध्ये रंगीत कॉर्नस्टार्च उधळण्याच्या कार्यक्रमात असाच भडका उडाला, १५ जण दगावले आणि शेकडो भाजले. निरांजन, चूल, सिगारेट, तापलेले दिवे यांच्याजवळ किंवा बंद खोलीत हा रंग उधळू नका. मोकळ्या मैदानात, मुठीने लावा. स्वयंपाकघरातही पेटत्या गॅसवर पाकीट झटकू नये.

साठवण

स्टार्च हवेतलं पाणी ओढतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय असतं काय. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा, गॅसच्या वरच्या फळीवर नको. कांदा-लसूण चटणीच्या शेजारी तर अजिबात नको, आठ दिवसांत पुडिंगला तिचा वास येतो. ओला चमचा घालू नका. ढेकळं झाली असली पण वास आणि रंग ठीक असेल तर चाळून वापरता येतं. पोरकिडे, जाळी किंवा कुबट वास असेल तर फेकून द्या.

फेकताना किंवा भांडी धुताना उरलेली पेस्ट मोरीत ओतू नका. ती नळीच्या बाकात जाऊन बसते, वरून गरम पाणी पडलं की तिथेच शिजते, आणि प्लंबर येईपर्यंत तिची पक्की खळ झालेली असते. कागदावर निपटून कचऱ्यात टाका, मग भांडं गार पाण्याने विसळा.